हजार उड्या, एक ट्रॉफी : 'एक ठाणेकर बाप' यांना उत्तर

काका (नाव दिलं नाहीत, पण मुलगा इंजिनिअरिंगला आहे म्हणालात, म्हणून काकाच म्हणतो),

प्लेस्टेशनवरच्या एखाद्या व्हिडिओ गेममधल्या यादीतल्या सगळ्या ट्रॉफ्या जमवल्या की शेवटी मिळते ती प्लॅटिनम ट्रॉफी. तिच्यावरच्या माझ्या लेखावर सणसणीत लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुलगा सुट्टीभर दार लावून एका ट्रॉफीच्या मागे होता, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचं निमित्त काढून डोंबिवलीला आत्याकडे आला नाही, जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणते, आणि माझ्यासारखे लोक व्यसनाला 'जिद्द' म्हणून गोंजारतात.

आधी आजाराचं बघू. आयसीडी-११ ही आजारांची यादी २०१९ मध्ये मंजूर झाली, २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, हे खरंच. पण निकष वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे टाकून खेळच पुढे येतो, नुकसान समोर दिसत असूनही थांबवत नाही. तेही घर, शिक्षण, नोकरी यांची घडी विस्कटेल इतकं, आणि सहसा वर्षभर तरी. नुसते तास मोजून निदान होत नाही. आत्याकडे जायचं टाळणं हा निकष असता, तर आमचं अख्खं खानदान आजारी निघालं असतं.

"यात मजा कसली?" असं विचारलंत. खरं सांगू? बऱ्याचदा नसतेच. 'फायनल फॅन्टसी ९' या गेमचंच घ्या. खेळ सुरू झाल्या झाल्या अलेक्झांड्रिया शहरात मुली दोरी फिरवत असतात, आपण खेळवतो तो विवी मधे उभा. बटण दाबलं की उडी. प्लेस्टेशन ४ वर याची ट्रॉफी हवी असेल तर न चुकता सलग हजार उड्या! ठेका मध्येच बदलतो, त्यामुळे लक्ष हटवून चालत नाही. नऊशेच्या पुढे अंगठा घामाने बुळबुळीत होतो, आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. गेलं. पुन्हा एकपासून. याला मजा म्हणणारा थापा मारतोय. पण यादीत एकच चौकोन रिकामा राहिला की तो डोक्यात टोचत राहतो, आणि तो भरला की जे सुटल्यासारखं वाटतं, त्यासाठी माणूस हे करतो. सह्याद्रीतले किल्ले मोजत फिरणाऱ्यांचंही तेच असतं. चढताना शिव्या घालतात, उतरल्यावर पुढचा शनिवार ठरवतात. त्यांना आपण व्यसनी म्हणत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर अंगठा देतो.

ट्रॉफ्यांबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलंच चित्रांकडे कमी वळत होती. ट्रॉफीची यादी समोर ठेवून खेळणाऱ्याचं हेच होतं. गोष्ट सोडून तो चौकोन भरत बसतो, ऐकायचे संवाद कापतो, बघायचे डोंगर बघत नाही. मला याचा राग येतो. पण राग येणं वेगळं आणि रुग्णालयात नेणं वेगळं.

आणि एक फरक तुमच्या लेखी फारसा नसेल, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. एक्सबॉक्सवर २००५ पासून आणि प्लेस्टेशनवर २००८ पासून चाललेल्या या याद्यांना शेवट असतो. सगळ्या मिळाल्या, प्लॅटिनम झळकलं, संपलं. उलट फोनवरचे फुकटचे गेम बघा. रोज हजेरी लावा नाहीतर स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटेल, बक्षिसाची पेटी उघडा, काय निघेल सांगता येत नाही, नाही निघालं तर अजून पैसे घाला. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैसे मोजून उघडायच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं, ते उगाच नाही. (उलटा नमुनाही आहे : 'द स्टॅन्ली पॅरेबल' या गेममध्ये पाच वर्षं तो गेम खेळलाच नाहीत तर मिळणारी अचिव्हमेंट, म्हणजे ट्रॉफीसारखीच नोंद, आहे. लोकांनी काय केलं? कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे केलं.)

तेव्हा मुलाचे तास मोजू नका. ट्रॉफी मिळाल्यावर तो काय करतो ते बघा. कॉलेजला जातो का, जेवायला बाहेर येतो का, मित्र आहेत का, आणि 'आज बंद कर' म्हटल्यावर चिडून का होईना, बंद करतो का. यातलं काहीच जमत नसेल तर ट्रॉफीवर भांडू नका, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे.

शेवटी विचारलंत, "स्वतःच्या पोराला घेऊन द्याल का हे?" प्लेस्टेशन देईन, हॉलमध्ये टीव्हीला जोडून. पेट्या उघडायचे गेम भरलेला फोन देणार नाही.