कारचा टायर, मोटारसायकलचा रिम आणि बाळ्याचं गणित

बाळ्याचा मावसभाऊ टेक्सासला असतो आणि होंडा गोल्डविंग ही भलीमोठी मोटारसायकल चालवतो. त्यानं घरच्या गॅरेजात बसून तिच्या मागच्या चाकावर चक्क कारचा टायर चढवला आणि व्हिडिओ पाठवून दिला. आता हा व्हिडिओ बाळ्यानं एकट्यानं बघून गप्प बसावं की नाही? तर नाही. अप्पांच्या पंक्चरच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला आणि वर जाहीर केलं, "माझ्या अ‍ॅव्हेंजरला पण हेच करणार. स्विफ्टचा काढलेला टायर घरात पडूनच आहे. चाकाचं माप १५ इंच, अ‍ॅव्हेंजरचं मागचं चाक पण १५. फुकटात काम."

दिग्या तावातावानं उठला. "करूळ घाटात जाऊन बघ मग फुकटातलं. मोटारसायकलचा टायर गोल का असतो? वळणात गाडी कलते म्हणून. कारचा टायर पाटासारखा सपाट. कलवलीस की गाडी नुसत्या कडेवर उभी."

"तसं होत नाही म्हणतोय भाऊ. हवा जरा कमी ठेवली की टायरची बाजू दबते, आणि टायरचा टेकणारा पट्टा बऱ्यापैकी रस्त्याला धरून राहतो."

दिग्याला हे अजिबात पटलं नाही, पण बाळ्या सांगत होता त्यात तथ्य आहे. अमेरिकेत गोल्डविंगवाले हा प्रकार वर्षानुवर्षं करतायत. स्वतःला 'डार्क सायडर' म्हणवून घेतात. वळणावर सगळेच्या सगळे पडत असते तर हा नाद केव्हाच बंद झाला असता. त्रास होतो तो वेगळा. सपाट टायरला सरळ उभं राहायचं असतं, त्यामुळं पूर्ण वळणभर हँडल दाबून धरावं लागतं. रस्त्याला लांबट चर असला की चाक त्या चराच्या मागं जातं. आपल्याकडं अर्धा रस्ता खरवडून तसाच सोडतात, त्या काठावरून चढताना काय होईल याचा विचार दिग्यानं केलेला नव्हता. तो आपला घाटातच अडकला होता.

मास्तर आयटीआयला शिकवतात, ते मध्ये पडले. "बाळ्या, तुझा भाऊ वेडा नाही. त्याची गाडी १८३२ सीसीची, सहा सिलिंडरची. वजन चारशे किलोच्या घरात. त्यावर नवराबायको आणि सामान. तिथले हायवे सरळसोट, मागचा टायर मधोमधच झिजणार. कारचा टायर त्याला दुप्पट-तिप्पट टिकतो आणि स्वस्तात पडतो. त्याचं गणित त्याच्या जागी बसतंय. तू वर्षातनं मालवणला किती वेळा जातोस?"

"जातो की."

"आणि बाकी दिवस राजारामपुरी ते शाहूपुरी."

अप्पा इतका वेळ एका ट्यूबला ठिगळ घासत होते. मान वर न करता म्हणाले, "वळणाचं राहू दे. चढवणार कसा ते सांग."

"व्हिडिओत आहे की अप्पा. साबणाचं पाणी, टायर उचकटायच्या तीन टाम्या…"

"आणि हवा?"

माझ्या मते खरा मुद्दा हा होता आणि तासभर त्याला कुणी हात लावला नव्हता. अप्पांनी आतनं एक जुना कारचा टायर गडगडत आणला, आडवा टाकला आणि बाळ्याचा अंगठा धरून आतल्या काठावर फिरवला. "लागतंय का कडक? आत तार आहे. ही कड रिमच्या बैठकीवर घट्ट बसली तरच टायर जागेवर राहतो. टामीनं चढवणं काय, एक बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की समोरची कड वर येते. पोरंटोरं करतात. पण हवा भरताना दोन्ही कडा ठक-ठक करून बसायला पाहिजेत. इथं काय लिहिलंय वाच."

टायरच्या बाजूवर इंग्रजीत बारीक अक्षरं होती. कड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा भरू नये.

"कारच्या रिमची बैठक वेगळी, मोटारसायकलच्या रिमची वेगळी. दोन्हीवर १५ लिहिलेलं असलं म्हणून काय झालं? कड बसत नाही म्हणून लोक ६०-७० पर्यंत चढवतात. तार तुटली तर टायर तोंडावर येतो. आमच्या धंद्यात बोटं गेलेली माणसं हायत."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. पण बाळ्या हार मानणाऱ्यातला नव्हे. "मग उद्यमनगरातनं रिमच रुंद करून आणतो. तिथं काय बनत नाही?"

हे कोल्हापुरात कुणालाही सुचणारंच. मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि बाळ्याच्याच चहाच्या कागदी कपावर लिहिलं: १३०, १८५. "तुझा आत्ताचा टायर रुंदीला १३०, स्विफ्टचा १८५. फरक ५५ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेतीन सेंटिमीटर. एका बाजूला तुझी चेन आहे. टायर चेनला घासणार. गोल्डविंगला चेनच नाही, चाक फिरवायला शाफ्ट म्हणजे दांडा आहे. शिवाय तिचा मूळ टायर १८०, तुझ्या भावानं घातलाय १९५. बाजूला साडेसात मिलिमीटर. आणि १८५ च्या टायरला रिम किमान पाच इंच रुंद लागतो, तुझा तीन-साडेतीनच्या पुढं नाही. वर तारांचं चाक, ट्यूबवालं."

"रिमच बदलला तर?"

"मग मागचं चाक धरणारा स्विंगआर्म बदल, मग पासिंगवाल्याला सांग. कंपनीनं दिलेल्यात असा बदल चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. अपघात झाला तर विमेवाला आधी टायरच बघणार."

दिग्या खूश झाला. आपणच जिंकलो असं त्याला वाटलं, तसा चेहरा केला. म्हणून मास्तरांनी त्यालाही सोडलं नाही. "मोटारसायकलला कारचा टायर शोभत नाही असं नाही हं. साइडकारवाल्या गाडीला शोभतो. ती कलतच नाही, तिला गोल टायरचा उपयोग काय? युरोपात साइडकार बनवणारे कारच्या टायरसाठी खास रिम बनवून घेतात. तिथं तो जुगाड नाही, तीच योग्य पद्धत."

बाळ्याचे डोळे चमकले. "म्हणजे साइडकार जोडली की…"

"झालं!" दिग्यानं कपाळाला हात लावला. "अरे रिक्षा घे की सरळ."

"रिक्षाला परमिट लागतंय."

"आणि आपल्याकडं साइडकार डाव्या हाताला," मास्तर म्हणाले. "रिकामी असली तर डाव्या वळणात ती उचलते. घाटात जायचं तर त्यात कायम कुणीतरी वजनदार पाहिजे."

अप्पांनी ठिगळावर फुंकर मारली आणि पहिल्यांदाच हसले. "दिग्याला बसव. एवढी घाटाची काळजी हाय त्याला."