‘सिमँटिक वेब मेलं’ म्हणणाऱ्यांनी एकदा पानाचा सोर्स उघडून बघावा

सध्या एक मजकूर फिरतोय, मलाही तीन-चार जणांनी पाठवला. गोषवारा असा: सिमँटिक वेब (पानावरच्या माहितीचा अर्थ यंत्रालाही कळावा म्हणून ती ठरलेल्या खुणांनी लिहिण्याची कल्पना) म्हणजे विद्यापीठांनी पंचवीस वर्षं केलेली उधळपट्टी, ऑनलाइन दुकानांनी ते कधी वापरलंच नाही, वापरलं असतं तरी दुकानदार खोटंच भरणार, आणि आता चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेलं आल्यावर विषयच संपला. मी रोज दुकानांचा उत्पादन-डेटा साफ करून पोट भरतो. पहिली दोन वाक्यं वाचून हसू आलं, शेवटचं वाचून मात्र धास्तावलो. कारण असं मानणारी माणसं पुढे तसाच डेटा पाठवतात आणि तो निस्तरायला माझ्याकडे येतो.

‘दुकानांनी कधी वापरलंच नाही.’

एखाद्या मोठ्या ऑनलाइन दुकानातलं वस्तूचं पान उघडा, सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघा आणि त्यात ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ शोधा. बहुतेक ठिकाणी महिरपी कंसांनी भरलेला एक तुकडा सापडेल. प्रकार ‘प्रॉडक्ट’, त्याच्या पोटात ‘ऑफर’, ऑफरच्या पोटात किंमत, चलनाचा तीन अक्षरी कोड आणि माल शिल्लक आहे की संपलाय ते. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ साली मिळून काढलेली ही शब्दसूची. ती चालवणाऱ्यांनीच २०१५ च्या अखेरीस आकडा दिला होता: १,००० कोटी पानांच्या नमुन्यात ३१.३ टक्के पानांवर ही खूण, म्हणजे असा तुकडा, होती. कधीच न वापरलेल्या गोष्टीसाठी हा आकडा जरा जास्तच झाला.

आता ती ऑफर प्रॉडक्टच्या पोटात का आहे, शेजारी का नाही, हे बघण्यासारखं आहे. इथेच संशोधन कामाला आलं. मार्टिन हेप या संशोधकांनी २००८ साली ‘गुडरिलेशन्स’ नावाची ऑन्टॉलॉजी मांडली. ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या व्यवहारात कोणकोणत्या गोष्टी असतात आणि त्यांचं एकमेकींशी नातं काय, याचा यंत्राला कळेल असा करार. हेप यांचं म्हणणं सरळ होतं: वस्तू वेगळी आणि ती विकायची तयारी वेगळी. फोनला किंमत नसते. अमुक दुकान, अमुक मुदतीपर्यंत, अमुक अटींवर तो फोन द्यायला तयार असतं, त्या तयारीला किंमत असते. शिवाय ‘फोन’ म्हणजे तरी काय? एक मॉडेल, त्या मॉडेलचे गोदामातले कुठलेही काही नग, आणि समोर ठेवलेला हा एकच वापरलेला, काचेला चरा गेलेला नग. या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

वाचताना ‘हे तर उघडच आहे’ असं वाटतं. पण ज्यांनी हे उघड सत्य धाब्यावर बसवून तक्ते बनवले, त्यांचे तक्ते मी बघितलेत. किंमत थेट वस्तूच्या ओळीत लिहिलेली असते. त्याच वस्तूचा दुसरा विक्रेता आला की ती ओळ जशीच्या तशी परत लिहायची. वजन एकीत बदललं, दुसरीत राहिलं. मग सहा महिन्यांनी एकाच मिक्सरची दोन वजनं आणि खरं कुठलं ते कुणालाच माहीत नाही.

अमेरिकेतल्या बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने २००९ मध्येच गुडरिलेशन्स आपल्या पानांवर वापरायला सुरुवात केली होती. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ती स्कीमा डॉट ऑर्गमध्ये सामावून घेतली गेली. प्रबंधातली कल्पना चार वर्षांत सगळ्यांच्या पानांवर जाण्याची वाट मोकळी झाली, तिचं नाव तेवढं गळून पडलं. नाव गळालं म्हणून ‘वापरलं नाही’ म्हणायचं?

‘पण ते खरं सिमँटिक वेब नव्हेच.’

वरचं सांगितलं की हे ठरलेलं उत्तर येतं. सिमँटिक वेबची पायाभूत भाषा म्हणजे आरडीएफ. स्कीमा डॉट ऑर्गचं डेटा-मॉडेल तिच्यातल्याच आरडीएफ स्कीमावरून घेतलेलं आहे, हे त्यांचं स्वतःचं दस्तऐवज सांगतं. तो कंसांचा तुकडा ज्या जेसन-एलडीत लिहितात, ते आरडीएफ लिहिण्याचंच एक रूप, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१४ मध्ये प्रमाण मानलेलं. यापुढे या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

‘दुकानदार खोटंच भरणार.’

या मुद्द्यात दम आहे. लेखक कोरी डॉक्टरो यांनी २००१ सालीच तो मांडला होता: लोक खोटं बोलतात, आळस करतात, चुका करतात, त्यामुळे त्यांनी स्वतः भरलेल्या माहितीवर विसंबू नका. आणि तसं झालंही. दुकानं स्वतःच्याच पानावर स्वतःलाच तारे देऊ लागली, तेव्हा २०१९ मध्ये गूगलने व्यवसायांच्या अशा स्वप्रशस्तीचे तारे निकालात दाखवणं बंद केलं.

पण किंमतीचं तसं नाही. खुणेतली किंमत आणि पानावर दिसणारी किंमत यंत्राला ताडून बघता येते, जुळली नाही तर जाहिरातीतून माल बाद होतो. माझ्या अनुभवात लबाडीपेक्षा निष्काळजीपणा कितीतरी जास्त छळतो. ‘१.२९९’ असं लिहून येतं. जर्मन पद्धतीने हे एक हजार दोनशे नव्याण्णव, इंग्रजी पद्धतीने सव्वा आणि वर थोडं. नुसतं डॉलरचं चिन्ह येतं, पण डॉलर कितीतरी देशांचे आहेत. म्हणून तर चलनाचा कोड वेगळ्या रकान्यात भरायचा नियम झाला.

बारकोडखालच्या तेरा आकड्यांचीही एक गंमत आहे. शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या बारा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, आणि तिला पुढच्या दहाच्या पटीत नेणारा आकडा तेरावा. ४००६३८१३३३९३ ची बेरीज ८९ येते, म्हणून तेरावा १. एक आकडा चुकला तर लगेच पकडलं जातं. आता नंबर ठाऊक नसलेला माणूस काय करतो? तेरा शून्य भरतो. बेरीज शून्य, तपासणीचा आकडा शून्य, पास! एकदा एका दुकानाच्या यादीत कुकर, पडदे आणि टॉर्च हे तिन्ही माझ्या प्रोग्रॅमने ‘एकच वस्तू’ म्हणून जोडले होते ते यामुळेच. नंतर कागदावर मांडून पाहिलं तर तेरा वेळा २, ४, ६ किंवा ८ लिहिलं तरी पासच. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं.

‘भाषा-मॉडेलं आली, आता गरज नाही.’

पान वाचून त्यातून नाव, रंग, किंमत काढणं मॉडेलांना जमतं, उत्तम जमतं. अडचण पुढे आहे: दोन दुकानांतल्या दोन वस्तू एकच आहेत का? वर्णनं शब्दशः सारखी, फरक फक्त मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षराचा, आणि त्या एका अक्षराने चार्जरचा प्लग बदलतो. हे ओळखायला मॉडेलला शिकवायचं कशावर? जर्मनीतल्या मॅनहाइम विद्यापीठाच्या वेब डेटा कॉमन्स प्रकल्पाने वेबवरच्या खुणा गोळा केल्या आणि ज्या ऑफरींचे उत्पादन-क्रमांक जुळत होते त्यांचे गट पाडले. ७९ हजार संकेतस्थळांवरच्या २ कोटी ६० लाख ऑफरी. माणसांकडून एवढ्या जोड्या हातांनी जुळवून घेणं कुणाला परवडलं नसतं. म्हणजे ज्या खुणांची आता गरज नाही असं सांगताय, त्यांच्याच जिवावर मॉडेलं हे काम शिकली आणि त्यांच्याच आधारे त्यांची परीक्षाही घेतली जाते. अमेझॉनच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली ऑटो-नो प्रणालीही शेवटी उत्पादनांचा ज्ञान-आलेखच, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातल्या नात्यांचं यंत्राला वाचता येणारं जाळंच, बांधत होती, फक्त माणसांऐवजी यंत्राकरवी.

मग त्या मजकुरात खरं काहीच नाही का? आहे, पण लेखकाने ते धड मांडलेलं नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी हेंडलर आणि लासिला यांच्यासोबत लिहिलेला, सिमँटिक वेबची कल्पना मांडणारा २००१ मधला प्रसिद्ध लेख दुकानाबद्दल नव्हताच. त्यात भावंडांचे सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने कामं उरकणारे प्रोग्रॅम, आईच्या फिजिओथेरपीच्या वेळा ठरवतात. संशोधकांनी ती गोष्ट खरेदीला लावली आणि सेवांची वर्णनं लिहायला भल्याथोरल्या भाषा रचल्या. त्या प्रबंधांतच राहिल्या. उद्योगांनीही त्याच सुमारास यूडीडीआय नावाची, वेबवरून पुरवल्या जाणाऱ्या सेवांची सार्वजनिक नोंदवही उघडली होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी २००६ मध्ये ती बंद केली. तर्काने निष्कर्ष काढणारी यंत्रणा चालत्या दुकानात बसवलेली मी अजून बघितलेली नाही. हे अपयश मान्य करायला हवं.

आता तेच खरेदी करणारे एजंट भाषा-मॉडेलांच्या खांद्यावर बसून परत आलेत. माल परत करायची मुदत किती दिवस, हे विचारल्यावर त्यांना पानाच्या तळाशी दडलेलं ‘अटी लागू’ वाचत बसावं लागतं. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये त्यासाठी दिवसांचा एक रकाना आहे. माझ्याकडे येणाऱ्या याद्यांत तो बहुतेक वेळा रिकामाच असतो.