तरंगत्या पुलावरचे जाणकार

अमेरिकेत इसाक्वा गावाहून सिएटल शहरात नोकरीला जायचं तर आय-नव्वद महामार्गाने लेक वॉशिंग्टन हे तळं ओलांडावं लागतं. त्यावरचे पूल काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर तरंगतात. येतानाचा पूल तर १९९० च्या नोव्हेंबरात दुरुस्ती चालू असताना चक्क बुडाला होता. तो पुन्हा बांधला. त्याच पुलावर रोज संध्याकाळी अडकून २००४ साली मी रॉक संगीताचं शिक्षण घेतलं.

कारपूलची, म्हणजे एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेली, लेन मिळावी म्हणून आम्ही तिघं एका गाडीने जायचो. गाडी चालवणारा सत्त्याण्णववाला. म्हणजे मॉडेस्ट माउस हा बँड त्याच्या लेखी १९९७ च्या 'द लोन्सम क्राउडेड वेस्ट'पाशी संपला. शेजारी बसणारी दोनहजारवाली. तिने तीन वर्षं जास्त दिली होती, 'द मून अँड अंटार्क्टिका'पर्यंत. त्या वर्षी एप्रिलमध्ये नवा अल्बम आला, 'गुड न्यूज फॉर पीपल हू लव्ह बॅड न्यूज' (नाव ऐकून मला आमची आत्याच आठवली), आणि त्यातलं 'फ्लोट ऑन' रेडिओवर दर तासाला वाजू लागलं.

बँड मूळचा इसाक्वाचाच. गावातलं पोर नावारूपाला आलं की गावाला जो आनंद होतो, तोच या दोघांना झाला होता. "बाटले," एवढाच निकाल. गाणं सुटसुटीत झालं, जुना ड्रमवाला नाही, त्यात न्यू ऑर्लिन्सचे पितळी वाद्यांवाले आणून बसवले! मी म्हटलं, मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे तर ते २००० च्या अल्बमलाच गेले होते ना? त्यावर सत्त्याण्णववाल्याने दोनहजारवालीकडे असं पाहिलं की तळ्यातलं मर्सर बेट येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

मला हे सगळं घरचंच वाटत होतं. आमचे मिरजेचे मामा, एखाद्या गवयाने रेडिओवर भावगीत म्हटलं की त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे व्हायचे. फरक इतकाच, की मामांच्या गाडीत मला बसावं लागत नव्हतं.

माझा गुन्हा असा की मला नवा अल्बम आवडला होता. सत्त्याण्णववाल्याने सुधारणा व्हावी म्हणून मला जुनं, जवळजवळ अकरा मिनिटांचं गाणं ऐकवलं. बँडचा गायक आयझॅक ब्रॉक त्यात असा ओरडतो, जणू त्याचीही गाडी पुढे सरकत नाहीये. उलट 'फ्लोट ऑन'मध्ये माणूस मागे घेताना पोलिसाच्या गाडीवर गाडी घालतो आणि पोलीस तसाच निघून जातो. परदेशात लायसन्स नवं असलेल्या माणसाला याहून मोठी अभंगवाणी कुठली! पण हे बोलायची सोय नव्हती. मी सीडी ऑफिसच्या बॅगेत, डब्याखाली लपवून न्यायचो. काही दिवसांनी तिला लोणच्याचा वास लागला.

पुढच्या वर्षी सत्त्याण्णववाल्याची सहा वर्षांची मुलगी पाळणाघरासाठी आमच्यासोबत येऊ लागली. तिच्याकडे 'किड्झ बॉप ७' ही सीडी होती. त्यात लहान मुलं गाजलेली गाणी गातात आणि त्यांनी 'फ्लोट ऑन'ही म्हटलंय, अगदी स्नेहसंमेलनात म्हणतात तसं, एका सुरात. बाप मुकाट्याने गाडी चालवत होता. दोनहजारवाली तळ्याकडे बघत बसली होती.

मी मोठ्या आशेने मागे वळून विचारलं, "आवडलं ना तुला?"

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण सहावी जास्त चांगली होती."