जीआय मानांकन: बंदी नावावर, बनवण्यावर नाही

‘एखाद्या वस्तूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं की ती जगात दुसऱ्या कुणालाच बनवता येत नाही’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

संरक्षण मिळतं ते ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या नावाला. कृतीला नाही, त्यासाठी पेटंट हा वेगळा कायदा आहे. शॅम्पेनचंच बघा, म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या फेसाळत्या वाइनचं. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची तीच पद्धत स्पेनमध्ये ‘कावा’ या फेसाळत्या वाइनसाठी वापरतात, बिनदिक्कत. फक्त लेबलवर शॅम्पेन लिहायचं नाही.

मेसेजमधलं ‘जगात’ हेही खरं नाही. हक्क देशापुरता असतो. बाहेर हवा तर तिथे नोंदणी किंवा करार लागतो. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून लागू असलेला, बौद्धिक संपदेबद्दलचा ट्रिप्स करार किमान संरक्षण देतो, पण वाइन आणि मद्यांना जास्त: त्यांच्या बाबतीत ‘अमुक पद्धतीची’ असं लिहिणंही चालत नाही. (हा पंक्तिप्रपंच अनेक देशांना खुपतो, आणि ते रास्तच आहे.) त्यातही पळवाटा आहेतच. अमेरिकेत १० मार्च २००६ पूर्वीपासून ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ विकणाऱ्यांना अमेरिका आणि युरोपीय संघातल्या २००६ च्या वाइन करारानंतरही ते नाव वापरता येतं.