पेपर आपोआप फुटत नाही, कुणीतरी तो फोडतं

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, अभ्यासिकेच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर सुद्धा. म्हणणं थोडक्यात असं, की गोष्ट षट्कर्णी झाली की फुटतेच, लाखो मुलं, हजारो सेंटर, एवढ्या हातांतून जाणारा पेपर गुप्त राहूच शकत नाही, म्हणून सगळ्या परीक्षा ऑनलाइन करा, पेपर विकत घेणाऱ्या पोरांना आत टाका, आणि फुटलाच तर परत परीक्षा घ्या, विषय संपला. मला हे वाचून राग येतो, कारण या "फुटणारच" मध्ये फोडणारा माणूस गायब होतो आणि ज्याच्याकडे किल्ली होती तो मोकळा सुटतो.

पहिला मुद्दा, जास्त लोक म्हणून पेपर फुटतो. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, बोर्डाच्या परीक्षेत सुपरव्हिजन दरवर्षी असतं. परीरक्षकाकडून, म्हणजे पेपर ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, रनर (पेपर सेंटरवर पोचवणारा माणूस) पेपर घेऊन येतो, पंचवीस पंचवीसचं सीलबंद पाकीट वर्गात येतं, सील नीट आहे हे दोन मुलांना दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच ते फोडायचं. सही करताना पोरांचे हात थरथरत असतात पण ती सील नीट निरखून बघतात. दहावीला राज्यात १५-१६ लाख मुलं बसतात, हजारो लोकांच्या हातून ही पाकिटं जातात आणि बहुतेक पेपर सुरक्षित पोचतात. म्हणजे जमतं! आणि हे गुपित काही जन्मभर सांभाळायचं नसतं, परीक्षा सुरू होईपर्यंत टिकलं की काम झालं.

आता जिथे फुटलं तिथे बघा. मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा, २०२४, ५ मे, २३ लाखांवर मुलं, साडेचार हजारांहून जास्त सेंटर. पेपर फुटला कुठून, तर सीबीआयच्या म्हणण्यानुसार झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेतून. परीक्षा दुपारी दोनला, आणि त्या दिवशी सकाळीच शाळेत आलेली ट्रंक मागच्या बाजूने बिजागऱ्या काढून उघडली, पेपरचे फोटो काढले, ट्रंक परत होती तशी केली. अटक कोणाला झाली? त्या शाळेच्या प्राचार्य आणि उपप्राचार्यांना, ज्यांच्यावर शहर समन्वयक आणि केंद्र अधीक्षक अशी जबाबदारी होती. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. पाटण्यात अर्धवट जळालेला पेपर सापडला, त्यावरच्या कोडवरून तो याच शाळेच्या गठ्ठ्यातला आहे हे कळलं. मग २३ लाख मुलांची गर्दी याला कशी जबाबदार?

यात अजून एक गोष्ट आहे जी त्या मेसेजवाल्यांना दिसतच नाही. ज्यांनी पेपर फोडला त्यांनी गुप्तता पाळलीच की! ठरावीक मुलांनाच दिला, पाठ करून घेतला, कागद जाळले. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने फेरपरीक्षा नाकारली तेव्हा फायदा घेतलेल्यांचा आकडा सीबीआयच्या तपासातून साधारण १५५ एवढा समोर होता. टोळीला गुपित ठेवता येतं कारण कोणाला किती सांगायचं हे ती आधीच ठरवते, मग तेवढीच काळजी सरकारी यंत्रणेला घेता येणार नाही हे मी का मान्य करू.

आपल्याकडचंच बघायचं तर २०२१ ची आरोग्य विभागाची भरती. गट क आणि ड, ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली, डिसेंबरमध्ये पुणे सायबर पोलिसांनी आरोग्य विभागाच्याच एका सहसंचालकाला पकडलं जो पेपर काढणाऱ्या समितीत होता. त्याच महिन्यात म्हाडाची परीक्षा १२ तारखेला होती, पेपरचं काम ज्या कंपनीकडे होतं तिच्या संचालकालाच आदल्या रात्री अटक झाली आणि पहाटे पहाटे परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, तोपर्यंत गावाकडची पोरं एसटीने, रेल्वेने निघाली होती. दोन्हीकडे पेपर अजून सेंटरवर पोचायचा होता तेव्हाच वरच्या वर गेला असं पोलिसांचं म्हणणं, मग खालच्या रनरला आणि शिपायाला कितीही जीपीएस लावा, काय उपयोग?

ऑनलाइन केलं की सुटलं, हा दुसरा मुद्दा. इंजिनिअरिंग प्रवेशाची जेईई मेन कॉम्प्युटरवरच होते, तरी २०२१ च्या परीक्षेत सेंटरवरच्या कॉम्प्युटरचा ताबा बाहेर बसून घेऊन दुसऱ्याच माणसाने प्रश्न सोडवल्याची केस सीबीआयने केली आणि त्यात एका रशियन हॅकरला पुढच्या वर्षी दिल्ली विमानतळावर पकडलं. ऑनलाइनचा फायदा आहे, मी नाही म्हणत नाही, वेगवेगळे सेट असतात त्यामुळे एक फुटला तरी सगळी परीक्षा जात नाही. नीटनंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या नेमलेल्या समितीनेही पेपर शेवटच्या टप्प्यात डिजिटल पाठवून सेंटरवर छापायची सूचना केली होती, ती मला पटते कारण त्याने पेपर किती वेळ कोणाच्या हातात आहे तो काळच कमी होतो. पण सेंटर भाड्याने घेतलेलं, तिथला लॅबवाला कोण हे कोणी तपासलेलं नाही, अशी परीक्षा नुसती स्क्रीनवर घेऊन सुरक्षित होत नाही.

पोरांना आत टाका म्हणणाऱ्यांना एवढंच, विकत घेणारा दोषीच आहे, त्याची उमेदवारी जायलाच हवी, पण विकायला माल कोणी आणला ते आधी विचारा. परीक्षेतले गैरप्रकार रोखायचा केंद्राचा २०२४ चा कायदा २१ जूनपासून लागू झाला, त्यात संघटित गुन्ह्याला ५ ते १० वर्षं कैद आणि किमान १ कोटी दंड आहे आणि त्याचा रोख पेपर फोडणाऱ्यांवर, टोळ्यांवर, परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांवर आहे, परीक्षार्थींवर नाही. हे बरोबरच केलंय. आणि कायदाच नव्हता असंही नाही, महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांचा कायदा १९८२ पासून आहे.

फेरपरीक्षेचं तर बोलूच नका. आरोग्य विभागाची ती परीक्षा रद्द झाली आणि पुढच्या भरतीची परीक्षा व्हायला २०२३ चं शेवट उजाडलं. या दोन वर्षांत कोणाचं वय निघून गेलं, कोणाचं लग्न लावून दिलं, कोणी अभ्यासिकेची फी भरायला पैसे नाहीत म्हणून गावी परत गेलं, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत तरी आहे का.

आणि फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी एक. प्राध्यापक व्हायला लागणारी यूजीसी नेट १८ जून २०२४ ला झाली, १९ ला रद्द झाली, ९ लाख मुलांची. पेपर आधीच फुटला म्हणून टेलिग्रामवर फिरलेला तो स्क्रीनशॉट फेरफार केलेला होता असं नंतर सीबीआयला आढळलं. म्हणजे न फुटलेला पेपर सुद्धा आपण असे स्क्रीनशॉट पुढे पाठवून बुडवू शकतो.

मागायचंच असेल तर हे मागा, की प्रत्येक मोठ्या परीक्षेनंतर पेपर कोणी काढला, कोणत्या प्रेसने छापला, परीक्षेआधी कोणत्या बँकेत किती वाजता ठेवला, ट्रंक कोणी कोणासमोर उघडली, याची नोंद निकालाबरोबर जाहीर व्हावी. परीक्षा होऊन गेल्यावर यातलं काहीच गुप्त ठेवायची गरज नसते.