ती केबल किकडाऊनची नाही

जुन्या शेवरोले पिकअपवाल्यांमध्ये एक दावा कित्येक वर्षं हातोहात फिरतोय. अमेरिकेतले आपले मराठी हौशी लोकही तो एकमेकांना पाठवतात. मथितार्थ असा: तीन गिअरचा टीएच-३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायचा आणि त्याजागी चार गिअरचा ७००आर४ टाकायचा. बोल्ट तेच, शनिवार-रविवारात काम उरकतं. बाजूने जी केबल येते ती किकडाऊनची (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी), नंतर सवडीने लावली तरी चालते. लॉकअपची (इंजिन आणि गिअरबॉक्स न घसरता थेट जोडणाऱ्या क्लचची) वायर ऐच्छिक. आणि एवढं करून ट्रक हलला नाही, तर गिअरबॉक्सच खराब निघाला असं समजून परत करायचा.

मी टेक्सासात राहतो. माझ्या मावसभावाने त्याच्या १९७८ च्या सी-१० ट्रकवर हे सगळं याच क्रमाने केलं. नवी बांधणी केलेला गिअरबॉक्स चाळीसेक मैलांत गेला. त्याचे पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे हे काम आपल्याला जमत नाही असं त्याने मनात घेतलं. चूक त्याच्या हातांची नव्हती, त्याला मिळालेल्या माहितीची होती. म्हणून मुद्द्यागणिक लिहितोय.

आधी दाव्यातलं खरं ते मान्य करतो. हा बदल करण्यासारखाच आहे. टीएच-३५० च्या पहिल्या गिअरचा रेशो (शाफ्टच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) २.५२, ७००आर४ चा ३.०६, त्यामुळे भरलेला ट्रक जागेवरून सहज उचलतो. चौथा गिअर ०.७०. मागच्या एक्सलचा रेशो ३.७३ आणि टायर २८ इंची धरला, तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३१०० फेऱ्यांच्या आसपास फिरायचं ते २२०० वर येतं. लांबच्या रस्त्यावर कानांना आणि पेट्रोलच्या खर्चाला हा फरक लगेच कळतो.

“बोल्ट तेच, म्हणजे थेट बसतो.” इंजिनाच्या बाजूने बरोबर. मागच्या टोकालाही दोन्हींच्या शाफ्टला २७ दातेच, त्यामुळे मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा योक (जोडणीचं टोक) तोच चालतो. मधलं मात्र वेगळं आहे. ७००आर४ ची लांबी ३०.७५ इंच. टीएच-३५० वेगवेगळ्या लांबीच्या शेपटांचा येतो: ६ इंची शेपटाचा २७.७ इंच भरतो, ९ इंची शेपटाचा ३०.७. पहिला असेल तर प्रोपेलर शाफ्ट सुमारे ३ इंच कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो, दुसरा असेल तर लांबी जवळपास जुळते. म्हणून काढण्याआधी टेप लावा. गिअरबॉक्सला खालून पेलणारा क्रॉसमेंबरही दोनेक इंच मागे सरकतो. आणखी दोन ठिकाणी फसगत होते. १९८२ ते ८४ च्या ७००आर४ च्या इनपुट शाफ्टला २७ दाते आहेत, १९८५ पासून ३०, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) त्याच जोडीचा हवा. आणि १९८६ पासून शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाचं मागचं ऑइल सील एकसंध झालं, तिथे फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) बदलली. चुकीची फ्लेक्सप्लेट लागली की पूर्ण ट्रक थरथरतो आणि दोष गिअरबॉक्सवर येतो.

“केबल किकडाऊनची आहे.” सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय.

टीएच-३५० वर असलेली केबल खरोखरच किकडाऊनची असते. पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर पाड, एवढाच निरोप ती देते. इंजिनावर किती लोड आहे हे त्या गिअरबॉक्सला दुसरीकडून कळतं: इंजिनाच्या मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटरला, म्हणजे ऑइलचा दाब ठरवणाऱ्या डबीला, जोडलेली असते. त्यामुळे केबल तुटली तरी टीएच-३५० बिचारा चालत राहतो. लोकांची सवय तिथून आलीय.

७००आर४ ला व्हॅक्यूम मॉड्युलेटरच नाही. आत क्लचच्या प्लेटा एकमेकींवर दाबून धरायला ऑइलचा दाब लागतो, आणि तो दाब किती ठेवायचा हे ही केबल ठरवते. कार्बोरेटरचा दांडा फिरला की केबल ताणली जाते, व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलची वाट ठरवणाऱ्या भागातला) प्लंजर आत सरकतो आणि दाब वाढतो. इंजिन जास्त जोर लावतंय, प्लेटा घट्ट धर, हे सांगणारा दुसरा कोणी आत नाही. केबल सैल असेल तर इंजिन पूर्ण ताकदीने ओढतंय आणि गिअरबॉक्सला वाटतंय की पेडलवर पायच नाही. मग प्लेटा घसरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच पहिल्यांदा जळतो.

यातली फसवी गोष्ट अशी की सैल केबलवर ट्रक चालवायला छान वाटतो. गिअर लवकर आणि अलगद पडतात. पहिल्या फेरीला मावसभाऊ मला म्हणाला, “दादा, बघ ना किती मऊ पडतायत गिअर!” मीही मान डोलावली, हे कबूल करायला हवं. चौथ्या दिवशी गिअरबॉक्सखालचं ऑइलचं पॅन उतरवलं तेव्हा लाल ऑइल तपकिरी झालं होतं, करपलेला वास गॅरेजभर पसरला, आणि तळाशी बोटाने उचलता येईल असा काळा भुगा साचला होता. तो भुगा म्हणजे क्लचच्या प्लेटांचं अस्तर.

केबल लावायची रीत अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. इंजिन बंद. केबलच्या टोकाजवळच्या ॲडजस्टरवरचं बटण दाबून त्यातला सरकता भाग मागे, कार्बोरेटरपासून दूर, पूर्ण ढकलायचा. बटण सोडायचं. मग कार्बोरेटरचा दांडा हाताने थेट शेवटपर्यंत फिरवायचा, म्हणजे ॲडजस्टर टकटक करत स्वतःच जागेवर येतो. त्यानंतर कोणालातरी केबिनमध्ये बसवून पेडल दाबायला सांगा आणि दांडा तितकाच फिरतो का पाहा, कारण पायाखालची जाड मॅट अर्धा इंच खाते.

एवढं करूनही पुरत नाही असा एक प्रसंग आहे. मूळचा क्वाड्राजेट कार्बोरेटर काढून एडलब्रॉक किंवा हॉली कंपनीचा बसवलेला असेल, तर दांड्यावरचं भोक केबलसाठी योग्य अंतरावर असेलच असं नाही. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर, केबल बरोबर वाटते, पण अर्ध्या थ्रॉटलला, जिथे आपण दिवसभर चालवतो, ती कमी ओढली जाते. त्यासाठी केबल योग्य अंतरावर जोडून देणारा करेक्टर ब्रॅकेट मिळतो. मावसभावाच्या ट्रकवर एडलब्रॉक होता आणि ब्रॅकेट नव्हता.

“हलला नाही म्हणजे गिअरबॉक्स मेलेला.” थांबा. नव्याने गिअरबॉक्स बसवलेला ट्रक जागचा हलत नाही, तेव्हा उतरवण्याआधी बघायच्या बऱ्याच गोष्टी आहेत.

पहिली डिपस्टिक. पॅन उतरवून ऑइल बदलताना पाचेक क्वार्ट पुरतं, म्हणून लोक तेवढंच घालतात. कोरडा गिअरबॉक्स आणि कोरडा कन्व्हर्टर मिळून ११ क्वार्टच्या आसपास पितात, म्हणजे दहा-साडेदहा लिटर. पातळी बघायची ती सपाट जागेवर, इंजिन चालू, लिव्हर पार्कमध्ये, ऑइल गरम. इंजिन बंद करून बघितलेल्या पातळीला अर्थ नाही.

दुसरी लिव्हरची जोडणी. जुन्या स्टिअरिंग कॉलमवर सहा जागा आहेत, ७००आर४ ला सात. काटा “डी” दाखवतो आणि आतला व्हॉल्व्ह दोन जागांच्या मध्ये अडकलेला असतो. मग एकतर ट्रक हलतच नाही, किंवा अर्ध्या दाबावर हलतो आणि प्लेटा जाळतो. ट्रकखाली जाऊन गिअरबॉक्सवरचा दांडा हाताने एकेक खटका मोजत फिरवा आणि जोडणी त्यावरून लावा. तिसरी गोष्ट फिल्टरचं सील: जुनं सील भोकातच राहिलं आणि त्यावर नवं चढवलं, किंवा सीलच विसरलं, तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो.

चौथी शक्यता असेल तर मात्र गिअरबॉक्स खरंच गेलेला असतो, आणि तो बसवतानाच गेलेला असतो. टॉर्क कन्व्हर्टर आत तीन टप्प्यांत बसतो: टर्बाइनचे दाते, स्टेटरचे दाते आणि शेवटी पंपाच्या खाचा. फिरवत, आत रेटत, तीनदा “ठक” असं हाताला जाणवायला हवं. बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं तोंड) इंजिनाला नुसत्या हाताने टेकायला पाहिजे. टेकत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतलं की पंप फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून साधारण ३ ते ५ मिलिमीटर मागे असला पाहिजे. बोल्ट आवळण्याआधीची ही दोन मिनिटं कृपा करून वाचवू नका.

“लॉकअपची वायर ऐच्छिक.” लॉकअप नसलेला कन्व्हर्टर मुद्दाम घेतला असेल तर ठीक. मूळचा लॉकअप कन्व्हर्टर असेल तर वायर लावायलाच हवी. ती नसेल तर चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर सतत थोडा घसरत राहतो आणि घसरण म्हणजे उष्णता. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ट्रेलर ओढताना ती उष्णता ऑइलला संपवते. १२ व्होल्टची लाइन ब्रेकच्या स्विचमधून घ्या, म्हणजे ब्रेक दाबला की लॉकअप सुटतो आणि इंजिन बंद पडत नाही.

गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरबद्दल एकच: आधीचा गिअरबॉक्स जळून गेला असेल तर त्याचा भुगा कूलरमध्ये आणि नळ्यांत बसलेला असतो. त्या धुऊन घ्या किंवा कूलर बदला.

दुसरा गिअरबॉक्स बसवला तेव्हा आम्ही करेक्टर ब्रॅकेट आधी आणला आणि ३०० पीएसआयचा प्रेशर गेज लांब नळीसकट. दाब मोजायची जागा ड्रायव्हरच्या बाजूला, लिव्हरच्या दांड्याच्या वर आहे. ट्रक पार्कमध्ये ठेवून इंजिन हजारच्या आसपास फिरत ठेवलं, केबल कार्बोरेटरवरून सोडवून भावाने ती हाताने सावकाश ओढली. इंजिनाचा आवाज तसाच राहिला आणि गेजचा काटा केबलबरोबर वर चढत गेला. केबल सोडली की खाली. त्याने तीन-चार वेळा ओढून बघितलं. मग केबल परत जोडली, रीतीप्रमाणे लावली, आणि यावेळी गिअर जरा ठामपणे पडले. पाचशे मैलांनी पॅन उतरवलं, तेव्हा ऑइल लालच होतं आणि मॅग्नेटवर फक्त राखाडी रंगाचा पातळ थर होता.