शेकापवरच्या त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या शेतकरी कामगार पक्षाबद्दल, म्हणजे शेकापबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: हा रायगडातल्या एका घराचा पक्ष आहे, पुण्याशी त्याचा संबंध नाही, यांचा विचार रशियातून आणलेला, विद्यार्थ्यांसाठी यांनी काडीचं काम केलं नाही, आणि फी माफी, स्कॉलरशिप मागून पोरांना फुकट खायची सवय लावतात. मी या पक्षाचा मेंबर नाही, पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारी, स्वतः स्कॉलरशिपवर शिकलेली पोरंसुद्धा हे पुढे ढकलतायत म्हणून लिहायला बसलो.

पुण्याचं आधी सांगतो. पक्ष उभा राहिला तो १९४७ ला आळंदीत, पुण्याच्या शेजारी, आणि पुढे होते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे. स्वारगेटच्या चौकाला ज्यांचं नाव आहे तेच हे जेधे. १९२५ मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुल्यांचा पुतळा उभारा अशी मागणी याच माणसाने लावून धरली होती आणि तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला होता. जेधे पुढे काँग्रेसमध्ये परत गेले, तेही खरंच आहे, पण पक्षाचा जन्म त्याने बदलत नाही. रायगडात पक्षाचा जोर होता हे मान्य, म्हणून तो एका घराचा होत नाही, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना लोकांनी ११ वेळा आमदार केलं ते काय रायगडातून?

रशियाचं म्हणाल तर १९५० ला दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद उघडपणे स्वीकारला, लपवाछपवी काही नव्हती. पण शिक्षणाबद्दलची त्यांची भूमिका त्याच्या कितीतरी आधीची, फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतली आहे. १८८२ ला फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढे लेखी मांडलं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या पोरांवर जातो, तेव्हा किमान वयाच्या १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तेव्हा रशियात झारचं राज्य होतं. हा विचार इथला आहे, पुण्याच्या मातीतला.

आता काम. एन. डी. पाटील सरांचं नाव मेसेजवाल्याने ऐकलेलं दिसत नाही. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए., नंतर साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात प्राध्यापक, तिथे 'कमवा आणि शिका'मधली पोरं, म्हणजे दिवसा शेतात-बांधकामावर राबून शिकणारी पोरं, त्यांचे रेक्टर. नंतर शेकापचे आमदार, सहकारमंत्री, आणि पुढे अनेक वर्षं रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन. काही उत्साही लोक उलट टोकाला जाऊन रयत शेकापचीच असं सांगतात, तेही चूक. रयत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काढली, पक्षाच्या २८ वर्षं आधी. पण ज्या माणसाने शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध शेवटपर्यंत आवाज उठवला त्याच्या पक्षाला "काडीचं काम नाही" म्हणणं अन्यायाचं आहे. पक्षाचं काम म्हणजे फक्त वह्यावाटप आणि फ्लेक्सवरचा गुणगौरव एवढंच डोक्यात बसलं की हे दिसत नाही.

आणि तो फुकट खाण्याचा मुद्दा, यावर मला खरंच राग येतो. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, शिक्षणाचा खर्च सरकारवरून सरकून बापाच्या अंगावर आला, आणि कोरडवाहू शेती असलेला बाप तो कुठून भरणार? पुण्यात राहायचं तर कॉट बेसिसची रूम, मेस, अभ्यासिकेची फी. हॉस्टेलला नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला स्वाधार योजनेत पुण्यात वर्षाला ६० हजार मिळतात, तेही वेळेवर आले तर. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा, फॉर्म परीक्षा होऊन गेली तरी 'अंडर स्क्रुटिनी' दाखवत होता, इकडे कॉलेज म्हणतंय फी भरल्याशिवाय दाखला नाही, आणि तो मेसचा एक टाइम बंद करून दिवस काढत होता. याला फुकट खाणं म्हणायचं? आणि बघा, २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ झाली, ती सरकारनेच केली, शेकाप सत्तेत नसताना. तेव्हा कुणी म्हणालं नाही की पोरी फुकट्या झाल्या. मग तीच मागणी लाल झेंड्याखाली आली की सवय कशी बिघडते?

मेसेजच्या शेवटी "संपलेला पक्ष" असंही आहे. २०२४ ला सांगोल्यातून त्यांचा आमदार निवडून आलाय, एकच आहे, पण आहे. माझी पक्षाबद्दल खरी तक्रार वेगळी आहे, सांगोला-आटपाडी-जतची एवढी पोरं पुण्यात कॉटवर राहतात आणि त्यांचे स्कॉलरशिपचे अडकलेले फॉर्म घेऊन समाजकल्याणच्या ऑफिसात भांडायला या पक्षाचा माणूस मला इथे दिसत नाही. त्यावर मेसेज लिहिला असता तर मीच फॉरवर्ड केला असता.